सागवानी नावेवरचे वार्निश का सुटते?

प्रश्न : आमच्या सागवानी नावेच्या काठाला, बसायच्या फळीला आणि वल्ह्यांना गेल्या दिवाळीनंतर लगेच पारदर्शक वार्निशचे दोन हात दिले. लावतानाच बुडबुडे उठले, सकाळी चमक गेलेली होती आणि उन्हाळ्यातच पापुद्रे सुटू लागले. खिळ्यांभोवती काळे डागही आहेत. वार्निश खराब असेल का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : वार्निशला दोष देण्याआधी सुटलेला एक पापुद्रा नखाने उचलून उलटा करून पाहावा. त्याची मागची बाजू काचेसारखी स्वच्छ असेल, तर वार्निशने लाकूड धरलेच नव्हते. सागाच्या अंगातच तेल असते, म्हणून घासल्यावर फळी थिनरने पुसावी आणि ते उडून गेले की तेल पुन्हा वर येण्याआधी पहिला हात द्यावा. पापुद्र्याखालची फळी काळवंडलेली असेल, तर पाणी आत शिरले आहे, आणि ते बहुधा फळीच्या कापलेल्या टोकांतून शिरते. तिथे पातळ वार्निश लाकूड पिणे थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

आपल्या बाबतीत मला मुख्य शंका ओलीची वाटते. पावसाळाभर कृष्णेच्या पाण्यात राहिलेली नाव दिवाळीला वरून कोरडी दिसते, पण आत ओल धरून असते. फळीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दमटपणा दिसला, तर थांबावे. खानापूरकडची ओलसर वल्ही मी स्वतः एकदा घाईने रंगवली होती आणि दोन महिन्यांत सगळे खरवडून काढावे लागले. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे, असे मी आग्रहाने सांगेन.

बुडबुड्यांचे कारण बहुतेक वेळा ऊन असते. लाकूड तापले की त्याच्या छिद्रांतली हवा फुगून ओल्या वार्निशमधून वर येते. काम सावलीत करावे, डबा हलवू नये, काठीने सावकाश ढवळावे आणि ब्रश डब्याच्या काठावर निपटू नये. चमक मात्र दवाने जाते. थंडीत संध्याकाळी दिलेला हात रात्री दवात सापडतो, तेव्हा दुपारी तीनच्या आत ब्रश धुऊन ठेवावा.

दोन हात मुळीच पुरेसे नाहीत. पहिल्या हातात निम्मे थिनर, दुसऱ्यात पाव आणि पुढे जवळजवळ घट्ट, असे निदान सहा हात द्यावेत. मधे 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून धूळ पुसावी. वार्निश बाहेरच्या उन्हापावसासाठी बनवलेलेच घ्यावे, कारण घरातल्या फर्निचरचे कडक वार्निश लाकूड फुगले-आटले की तडकते.

काळे डाग लोखंडी खिळ्यांचे आहेत. वार्निश खरवडल्यावर ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरतात. हातमोजे घालावेत आणि नंतर फळी भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. खिळ्यांच्या जागी पितळी स्क्रू बसवले नाहीत, तर डाग पुन्हा येतील. वल्ह्यांच्या मुठींना मात्र वार्निश लावूच नये. गुळगुळीत मुठीने हाताला फोड येतात.