टी-सेल्स कॅन्सरला ओळखतात, मग मारत का नाहीत?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या बाबांना (वय ६२) लिव्हरचा कॅन्सर निघालाय, आणि हिपॅटायटिस बी जुना आहे हेही आम्हाला तेव्हाच कळलं. एएफपी ११०० च्या वर आहे. परवा एका स्टडीसाठी त्यांचं रक्त घेतलं, हिरव्या झाकणाच्या चार नळ्या, सही वगैरे घेऊन. तिथली मुलगी म्हणाली की बाबांच्या टी-सेल्स, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, या एएफपीला ओळखतात का ते बघायचंय. आता ओळखत असतील तर मारत का नाहीत? आणि शेजारच्या काकू गुळवेलचा काढा द्या म्हणतायत, इम्युनिटी वाढेल म्हणून. देऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आधी काकूंचं घेतो. गुळवेल देऊ नका. कोविडच्या काळात घरोघरी काढे चालू होते ना, त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ पेशंटची नोंद छापली होती, सगळ्यांच्या लिव्हरला सूज, आणि ती अशी की जणू शरीराच्या पेशी स्वतःच्याच लिव्हरवर उठल्यात. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता, तो वाद त्यांचा त्यांच्याकडे, पण ज्याचं लिव्हर आधीच जेमतेम चाललंय त्याच्यावर कशाला प्रयोग. काकूंना सांगा डॉक्टर रागावले.

आता मूळ प्रश्न. एएफपी म्हणजे अल्फा-फिटोप्रोटीन. बाळ पोटात असताना त्याचं लिव्हर हे प्रोटीन ढिगाने बनवतं, जन्मानंतर पहिल्या वर्षा-दीड वर्षात ते जवळजवळ बंदच होतं, आणि लिव्हरच्या पेशी बिघडून कॅन्सर झाला की बऱ्याच जणांत पुन्हा सुरू होतं. म्हणजे हे परकं प्रोटीन नाहीच, आपलंच आहे, लहानपणीचं. सोसायटीच्या जुन्या वॉचमनचं बघा, ज्या पोराला त्याने चड्डीत फिरताना बघितलंय ते वीस वर्षांनी परत येऊन मीटरबॉक्स फोडायला लागलं तरी हा म्हणणार, अहो हा तर आपल्या तिसऱ्या मजल्यावरचा. टी-सेल्सचं शिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत होतं आणि तिथे स्वतःच्या प्रोटीनवर जोरात तुटून पडणाऱ्या बहुतेक पेशी काढूनच टाकतात. उरतात त्या एएफपीला ओळखतात, पण पकड ढिली.

आणि हे दिसतं बरं का, डोळ्याने. मी शिकत असताना काही महिने असल्या लॅबमध्ये काढलेत म्हणून सांगतो. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं, रक्त गोठू नये म्हणून, आणि पेशी जिवंत हव्यात म्हणून ती नळी शक्यतो त्याच दिवशी लॅबला पोचायला लागते (पावसाळ्यात सायनला पाणी भरलं की आमचे चेहरे बघायचे होते). मग रक्त एका घट्टसर द्रवावर हळूच सोडून गरगर फिरवायचं, लाल पेशी तळाला, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधोमध दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढरा थर, त्यात तुमच्या बाबांच्या टी-सेल्स. तो थर उचलून ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये घालायचा, काही खड्ड्यांत एएफपीचे छोटे तुकडे, काहींत फ्लूसारख्या व्हायरसचे. रात्रभर ठेवायचं. जी पेशी तुकडा ओळखून चवताळते ती इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रोटीन सोडते आणि तिच्या जागी एक जांभळट ठिपका उमटतो, एक ठिपका म्हणजे एक पेशी. व्हायरसच्या खड्ड्यात बऱ्याचदा ठिपक्यांचा सडा असतो, एएफपीच्या खड्ड्यात आपलं पाच, सात, कधी शून्य. पण गाठ जाळल्यावर किंवा तिचा रक्तपुरवठा बंद केल्यावर काही पेशंटमध्ये हे ठिपके वाढलेले दिसलेत, बहुधा मेलेल्या गाठीतून बराच माल एकदम बाहेर पडतो आणि वॉचमन जागा होतो.

हे सगळं रक्तातलं झालं. गाठीच्या आत पोचलेल्या पेशींची अवस्था अजून वाईट, रोज तेच प्रोटीन समोर बघून बघून त्या थकतात, अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक येतो, आणि गाठीतल्या पेशी तोच ब्रेक दाबून धरतात. त्यात लिव्हर हा मुळातच शांत अवयव, आतड्यातून येणारं रक्त, म्हणजे वडापावपासून जंतूंच्या तुकड्यांपर्यंत सगळं, आधी तिथे जातं, प्रत्येक गोष्टीवर तिथे भांडण झालं तर माणूस जगणार नाही. म्हणून इम्युनिटी वाढवा हा सल्लाच मला पटत नाही, इथे भानगड कमी-जास्तची नाहीये, ब्रेकची आहे.

तो ब्रेक सोडवणारी औषधं आहेत. असे ब्रेक सोडवण्याच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, ॲलिसन आणि होंजो यांना. लिव्हर कॅन्सरमध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ऑपरेशन न होणाऱ्या पेशंटमध्ये सोराफेनिब या जुन्या औषधावर मधला जगण्याचा काळ (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा) १३.४ महिने होता तो या जोडीवर १९.२ झाला. गाठ चांगली आक्रसते ती १० पैकी साधारण ३ जणांची. ब्रेक सुटला की पेशी कधी आतड्यावर, थायरॉइडवर, लिव्हरवरही जातात, आणि बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघतात, ती टाळू नका. तुमच्या बाबांना हे चालेल का ते लिव्हर किती काम करतंय त्यावर आहे, त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. स्टडीचा रिपोर्ट बहुतेक हातात मिळणार नाही, मिळाला तरी त्यावरून औषध ठरत नाही. आणि तुम्ही, आई, भावंडं, सगळ्यांनी या आठवड्यात हिपॅटायटिस बी ची एचबीएसएजी ही रक्ताची टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह आली आणि आधी लस झाली नसेल तर लस घ्या.

प्रश्न : आयआयटीने स्वस्तातली कार-टी (पेशंटच्याच टी-सेल्स लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) काढलीय ना? ती लिव्हर कॅन्सरला का देत नाहीत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्स-कार-१९, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, बरोबर. पण तिच्या नावातला १९ म्हणजे सीडी-१९, हे बी-सेल्स या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरचं प्रोटीन, त्यामुळे ती ठरावीक ब्लड कॅन्सरवर चालते, लिव्हरच्या पेशीवर तिला पकडायला काहीच नाही. शिवाय चांगल्या बी-सेल्स मेल्या तरी माणूस निभावतो, चांगलं लिव्हर मेलं तर नाही. म्हणून असं प्रोटीन लागतं जे गाठीवर आहे आणि मोठ्या माणसाच्या चांगल्या लिव्हरवर नाही. ग्लायपिकन-३ तसं आहे, तेही एएफपीसारखं बाळपणीचंच, आणि एएफपी पेशीतून बाहेर सांडतं तसं न होता हे पेशीच्या अंगावर बसून राहतं, कार-टीला नेमकं तेच हवं असतं. त्यावर चाचण्या चालू आहेत, औषध म्हणून अजून नाही.

प्रश्न : मला सिरॉसिस आहे. एएफपी ४ आली, म्हणजे सोनोग्राफी नको ना?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : हवी. बऱ्याच गाठी एएफपी बनवतच नाहीत. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, सणवार आले तरी.