लिंबाच्या झाडावर सापडलेली अळी घरी वाढवून तिचं फुलपाखरू होईल का?

होईल. पण आधी बरणीतली कोबीची पानं काढून टाका. तुम्ही लिहिलंय की मुलीला कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तुम्ही ती बरणीत ठेवलीत आणि कालपासून ती कोबीला तोंड लावत नाहीये. ती लावणारही नाही. कोबीवरची अळी कोबी खाते, रुईवरची रुई खाते, लिंबावरची लिंबू. झाडं स्वतःच्या बचावासाठी पानांत नाना तऱ्हेची रसायनं भरून ठेवतात आणि प्रत्येक जातीची अळी त्यातली ठरावीकच पचवू शकते. त्यामुळे ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं द्यायची. ते झाड हाताशी नसेल तर अळी घरी आणूच नये, जिथे आहे तिथेच राहू द्यावी.

वर्णनावरून ही बहुधा लाइम बटरफ्लायची अळी आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून ती चार वेळा कात टाकते. आत्ता आहे तो काळपट-पांढरा वेश शेवटच्या कातीबरोबर गळून पडेल आणि एके दिवशी बरणीत हिरवीगार अळी बसलेली दिसेल. अळी बदलली असं समजू नका, तीच आहे ती. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी, दुभागलेली शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे मुलीला एकदा बघू द्या, पण मुद्दाम पुन्हा पुन्हा नको. आणि एक सांगून ठेवतो, केसाळ अळ्यांना उघड्या हाताने हात लावू नका. त्यातल्या काहींच्या केसांनी अंगाला जबरदस्त खाज सुटते.

व्यवस्था साधी आहे. बरणीला झाकण लावून भोकं पाडण्यापेक्षा तोंडाला पातळ सुती कापड बांधा आणि तळाशी कागद घाला. लिंबाची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून ठेवली तर पानं ताजी राहतात, पण बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बुजवा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडून मरते. वेगळं पाणी ठेवायची गरज नाही, पानातून मिळतं तेवढं तिला पुरतं. पानं धुऊन, कोरडी करून द्या. झाड नुकतंच विकत आणलेलं असेल किंवा त्यावर कधी फवारणी झाली असेल तर ती पानं अजिबात नकोत. विष्ठा रोज काढा. ओलसर विष्ठा साठली की बुरशी धरते, आणि घरात वाढवलेल्या बऱ्याच अळ्या उपासमारीने नाही, त्या घाणीने जातात. बरणी उन्हात ठेवू नका.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. अळी अधूनमधून दिवसभर हलत नाही, खात नाही. माझ्या पहिल्या अळीने असं केलं तेव्हा मला वाटलं, आजारी पडली. मी तिला चिमटीत धरून जुन्या पानावरून सोडवलं आणि ताज्या पानावर ठेवलं. ती कात टाकायच्या बेतात होती. त्यासाठी अळी आधी पानावर रेशमाची बारीक चटई विणते, मागचे पाय तिच्यात रुतवते आणि मग जुन्या कातडीतून पुढे चालत बाहेर येते. कातडी मागे धरून ठेवायला काही नसेल तर तिला बाहेर पडताच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्या कातीत अडकलेली सापडली आणि संध्याकाळपर्यंत मेली. मला ते अजून लागून राहिलंय. म्हणून अळी निश्चल दिसली तर ती ज्या पानावर आहे ते पान तसंच राहू द्या, वाळलं तरी. शेजारी ताजी डहाळी ठेवा, ती तिची तिची जाईल. हलवायचीच वेळ आली तर पानासकट हलवा.

हिरवी झाल्यावर ती बकासुरासारखी खाते, मग अचानक खाणं थांबतं. पातळ विष्ठा करते आणि बरणीभर भटकत सुटते. कोशाची जागा शोधत असते. अशा वेळी बरणीत एक काडी तिरकी उभी करून ठेवा. जागा पसंत पडली की ती शेपटीकडचं टोक रेशमाने काडीला चिकटवते आणि मग जे करते ते जमलं तर जागून बघा. मान मागे वळवून डोकं या बाजूकडून त्या बाजूकडे नेत राहते, प्रत्येक फेरीत एक धागा, असे कितीतरी धागे मिळून एक फास तयार होतो. मग त्यात अंग अडकवून ती मागे रेलून राहते, जणू कमरेला दोर बांधून झाडावर चढलेला माणूस. साधारण दिवसभराने पाठीवरची कातडी उकलते आणि आतून कोश बाहेर येतो. रुईवरच्या प्लेन टायगर या फुलपाखराची अळी असा पट्टा बांधत नाही, ती नुसती उलटी लोंबकळते.

आत सगळं वितळून पाणी होतं असं ऐकलं असेल. बरंचसं मोडतं हे खरं, पण सगळं नाही. पंखांचे अंकुर अळीच्या अंगात आधीपासून असतात, म्हणून ताज्या कोशावरच पंखांचा आकार उमटलेला दिसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य झटका देऊन तो वास टाळायला शिकवलं होतं. पुढे पतंग झाल्यावरही त्यांच्यातले बरेच तो वास टाळत होते.

उबदार हवेत कोश साधारण ८ ते १० दिवसांत फुटतो. थंडीत किंवा कोरड्या दिवसांत कितीतरी जास्त लागतात, तेव्हा घाईने टाकून देऊ नका. कोशाला बारीक भोकं पडून त्यातून इवल्या गांधीलमाश्या बाहेर आल्या तर समजा की बाहेर असतानाच कुणीतरी आत अंडी घातली होती, तुमचं काही चुकलं नाही. सगळं ठीक असेल तर शेवटच्या दिवशी कोश गडद होतो आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागते. बाहेर आलेलं फुलपाखरू ओलं, सुरकुतलेलं असतं. त्याला लटकायला काडी आणि खाली किमान ८ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पोटातलं द्रव पंखांत भरून ते पसरतात आणि मग वाळतात. तेव्हा हात लावला तर पंख कायमचे वाकडे राहतात. खाली लालसर थेंब पडले तर रक्त समजून घाबरू नका, कोशात साठलेली घाण टाकतंय ते. त्या दिवशी खायला काही लागत नाही. पंख नीट वाळले आणि बाहेर पाऊस नसला की दिवसा सोडा.

आता ताजी पानं आणायला लिंबाकडे जाल तेव्हा कोवळ्या पानांवर बारीक मोहरीएवढे फिकट पिवळे गोल थेंब दिसतात का बघा. ती त्याच फुलपाखराची अंडी असतात, एकेक सुटी घातलेली. ती पानं तोडू नका, दुसरी घ्या.