‘सर्वांत आत्मा पाहा’ म्हणतात, पण मला आधी माणसाचे कपडेच दिसतात. काय करावं?

तुमचा प्रश्न मी असा वाचला: दीड वर्ष नियमित ध्यान करताय, ‘सगळ्यांत एकच आत्मा आहे’ हे बुद्धीला पटलंय, पण समोर माणूस आला की आधी त्याचे कपडे, चेहरा आणि बोलण्याची ढब दिसते आणि मत बनून मोकळं होतं. मग ध्यान वाया गेलं का? बाहेरचं सगळं खोटं मानायचं का? आणि तसं मानलं तर लबाड माणसालाही जवळ करायचं का? आणि शेवटी, हे सगळं केल्यावर ‘आत्मा दिसतो’ का?

वाया गेलेलं नाही. आपलं मत बनतंय हे तुमच्या लक्षात येतंय. दीड वर्षापूर्वी बहुधा तेही येत नसेल.

मी काही फार मोठी साधक नाही. बसते, पण मध्येच महिनोन्‌महिने खंड पडतो. माझं पोटापाण्याचं काम मात्र नेमकं तुमच्या प्रश्नातलं आहे. गेली 19 वर्षं मी नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलाखती घेते. अर्ध्या-पाऊण तासात अनोळखी माणसाबद्दल मत बनवायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे वरवरचं पाहून ठरवण्याचं पाप माझ्या खात्यावर तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त जमा आहे.

आधी एक सांगते, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. कठोपनिषदात एक मंत्र आहे. त्याचा आशय असा की विधात्याने इंद्रियांची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी केली, म्हणून माणूस बाहेर बघतो, आत बघत नाही. एखादाच धीराचा माणूस डोळे उलटे वळवतो. त्याच्यासाठी शब्द वापरलाय ‘आवृत्तचक्षु’. म्हणजे बाहेरचं आधी दिसणं हा तुमचा दुर्गुण नाही, दारंच तशी बसवली आहेत. प्रयोगशाळेतही वेगळं काही सापडलेलं नाही. 2006 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव या दोघांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ दाखवले. हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असं विचारलं. तेवढ्या क्षणात बनलेली मतं ही वेळेचं बंधन नसताना बनलेल्या मतांशी बऱ्याच अंशी जुळली. वेळ थोडा वाढवून दिल्यावर मतं फारशी बदलली नाहीत, त्यांबद्दलची खात्री तेवढी वाढली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या सगळ्या पाऊण-पाऊण तासांच्या मुलाखती आठवल्या आणि जरा कसंसंच झालं.

आता मुख्य मुद्दा. त्या मंत्रातला धीराचा माणूस डोळे वळवून कुणाच्या आत बघतो? स्वतःच्या. माझ्या मते आपली सगळी गल्लत इथेच होते. ‘आध्यात्मिक दृष्टी’ म्हटलं की आपल्याला वाटतं, समोरच्याच्या कातडीआडचं काहीतरी दिसायला लागेल: त्याचा खरा स्वभाव, त्याचं लपवलेलं दुःख, जमलं तर आत्माही. मीही कितीतरी वर्षं त्याचीच वाट बघत होते. तसं काही झालं नाही. झालं ते इतकंच, की समोरच्यावर मी स्वतः काय काय चिकटवते ते दिसायला लागलं.

दोरी आणि सापाचा दृष्टांत तुम्ही वाचलाच असेल. अंधारात दोरी पडलेली असते, आपल्याला साप दिसतो, घाम फुटतो. तो सांगताना लोक ‘जग खोटं’ या वाक्यावर पटकन उडी मारतात. पण दोरी खोटी नव्हती. डोळेही बिघडलेले नव्हते, लांबुळकं वेटोळं त्यांना बरोबर दिसलं. साप आपल्याकडून आला. एका वस्तूवर दुसरीचे गुण लादण्याला शंकराचार्य अध्यास म्हणतात. आणि अद्वैतात, म्हणजे त्यांच्या ‘सगळ्यांत एकच आत्मा’ या विचारात, रोजच्या व्यवहाराला भ्रमाच्या रांगेत बसवलेलं नाही. सापाचा भास ही प्रातिभासिक सत्ता, म्हणजे भासापुरतं असणं; दोरी ही व्यावहारिक, रोजच्या व्यवहारात खरी; आणि तिच्याही पलीकडे पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्य. समोरच्या माणसाचे मळके बूट व्यावहारिक सत्य आहेत, ते मळकेच आहेत. ‘हा गबाळा आहे, याला काम द्यायचं म्हणजे डोकेदुखी’ हा साप.

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ असं आपण म्हणतो. मला वाटतं दिसणारं बिचारं बऱ्याचदा तसंच असतं. फसवते ती आपली भर.

चोखोबांची ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ ही ओळ आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ‘रूपावर जाऊ नका’ असा गुळगुळीत अर्थ लावून पुढे जातो. पण ती म्हणणारा माणूस कोण होता? चौदाव्या शतकात जातीमुळे ज्याला देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं तो. रूप पाहून ठरवणाऱ्यांचा मार त्याने आयुष्यभर खाल्लाय. आणि तरी ऊस सरळ आहे असा दावा तो करत नाही. ऊस वाकडाच आहे, ते तो आधी कबूल करतो. शेवटी तर ‘चोखा डोंगा’ म्हणून स्वतःलाही त्याच रांगेत उभं करतो. मग विचारतो, वरच्या रंगाला काय भुललास? प्रश्न बघणाऱ्याला आहे. उसाला कुणी काही विचारत नाही.

आता कामातलं सांगते. साधारण आठ वर्षांपूर्वी मी मुलाखतीच्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारायला लागले. डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे मी त्याला जोडलं ते. डावीकडे: ‘दहा मिनिटं उशीर. कॉलर उसवलेली. उत्तर देण्याआधी बराच वेळ गप्प.’ उजवीकडे: ‘बेफिकीर. गरज नाही याला. विषय कच्चा.’ पहिल्या महिन्यात उजवा रकाना डाव्यापेक्षा दुप्पट भरायचा, आणि गंमत म्हणजे लिहिताना मला खात्री असायची की मी डाव्यातच लिहितेय. ‘उद्धट आहे’ हे मला दिसलेलं वाटायचं. उद्धटपणा दिसत नाही. दिसतं ते इतकंच की माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत बोलला.

ऑफिसात वही काढून बसा असं सांगत नाहीये. पण मनातल्या मनात ही रेघ मारता येते आणि ध्यानाची सवय असलेल्याला ती लवकर जमते. श्वास मोजताना विचार आला की ‘विचार आला’ एवढंच म्हणून आपण परत येतो ना, तेच इथे. मत येऊ द्यायचं. ते थांबवता येत नाही, सेकंदाच्या दहाव्या भागात कोण काय थांबवणार? आलं की ‘हे उजव्या रकान्यातलं’ एवढी नोंद करायची.

एका मुलीची मुलाखत अजून मनात आहे. पूर्ण वेळ तिने एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मी उजवीकडे लिहिलं, ‘आत्मविश्वास नाही, काहीतरी लपवतेय.’ आम्ही दुसऱ्या कुणालातरी घेतलं. अशा गोष्टींचा शेवट सांगायची एक ठरलेली रीत आहे: नंतर कळतं की तिच्या घरी कुणीतरी आजारी होतं, किंवा तिला कसला तरी त्रास होता, आणि सांगणाऱ्याचे डोळे पाणावतात. मला काहीच कळलं नाही, आजतागायत. आणि अशा गोष्टींचा मला आता थोडा राग येतो. त्यांत समोरच्याने आपल्या सहानुभूतीच्या लायकीचं एखादं दुःख काढून दाखवलं तरच त्याला सूट मिळते. दुःख निघालंच नाही तर? ती नुसतीच लाजाळू असेल तर? किंवा तिला मी आवडले नसेन? ‘सर्वांत आत्मा पाहणं’ याचा अर्थ प्रत्येकाची एक करुण कहाणी कल्पनेने रचणं असा असेल, तर तीही उजव्याच रकान्यात जाते. फक्त शाई गोड.

याहून मोठी चूक माझी उलट बाजूला झाली आहे, आणि तुमच्यासारख्या ध्यान करणाऱ्याला ती सांगितलीच पाहिजे. एक गृहस्थ आले होते. संथ आवाज, साधे कपडे, प्रत्येक उत्तराआधी क्षणभर डोळे मिटणं. मी भारावले. वाटलं, हा आत डोकावलेला माणूस आहे. वर्षभरात लक्षात आलं की हाताखालच्यांनी केलेलं काम ते बिनदिक्कत स्वतःच्या नावावर दाखवत होते, आणि विचारल्यावर तितक्याच संथ आवाजात नाकबूल करत होते. त्यांनी मला फसवलं असं मी पुष्कळ दिवस म्हणत राहिले. खरं तर शांतपणाही एक पेहराव असतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानाला बसायला लागल्यापासून भडक कपड्यांवरून मत बनवणं मी कमी केलं होतं आणि साधेपणावरून मत बनवणं वाढवलं होतं. नुसती दुकानाची पाटी बदलली!

याला एक जुनं नाव आहे. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या खरं तर वेगवेगळ्या गोष्टी, पण एकात वर गेलेला माणूस बाकीच्यांतही वर गेलेला दिसत होता. एका गुणाची आभा सगळ्या माणसावर पसरते. या परिणामाचं इंग्रजी नाव, ‘हेलो इफेक्ट’, चित्रांत संतांच्या डोक्यामागे काढतात त्या तेजोवलयावरून पडलंय. माझ्या बाबतीत ते किती अचूक होतं, बघा.

लबाडाला जवळ करायचं का, याचं उत्तर थोडक्यात: नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे ज्ञानी समदृष्टीने बघतात असं म्हटलंय. शब्द ‘समदर्शी’ आहे. सगळ्यांशी सारखंच वागतात असं तिथे म्हटलेलं नाही, हत्तीला आणि कुत्र्याला कुणी एकाच साखळीने बांधत नाही. त्या गृहस्थांबद्दल मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. त्यात फक्त डावा रकाना होता: तारखा, कामं, कुणी केली, कुणाच्या नावावर गेली. ‘ढोंगी’ हा शब्द लिहायला हात शिवशिवत होता. लिहिला नाही. तो शब्द नव्हता म्हणून तक्रार कमजोर झाली नाही, उलट कुणाला तिच्यात वाद घालायला जागा उरली नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं केल्यावर ‘आत्मा दिसतो’ का. मला दिसलेला नाही. कधीकधी उजवा रकाना थोडा वेळ रिकामा राहतो आणि समोर एक माणूस बसलेला असतो, बस. त्या वेळी बरं वाटतं. त्याला काय नाव द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी देत नाही.

आणि एक राहिलंच. आपण बघत असतो तेव्हा समोरचाही बघत असतो. मागच्या महिन्यात एक उमेदवार बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, “मॅडम, माझं काही चुकलं का? तुम्ही रागावलेल्या दिसताय.” मला काही कळेना. मग लक्षात आलं, बराच वेळ मी कपाळाला आठ्या घालून बसले होते. म्हटलं, “नाही गं, गुडघा दुखतोय.” ती हसली, आणि जिथे थांबली होती तिथून पुढे सांगायला लागली.