मेंढीचं कोकरू जन्मण्याची वेळ आई ठरवते की पिल्लू?

पिल्लू! साधारण १४७ दिवस भरत आले की कोकराची पीयूषिका (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) त्याच्याच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढतं. त्यामुळे गर्भाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक बनवू लागते. गर्भाशयाला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉनच घटलं, की गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन वाढून कळा सुरू होतात. पुढे गर्भाशयमुख ताणलं की आईचं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कळांना जोर देतं.

न्यूझीलंडचे संशोधक ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात गर्भातल्या कोकराची पीयूषिका नष्ट करून पाहिली. दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायली नाही. मला हा प्रयोग फार विलक्षण वाटतो.

माणसात मात्र प्रसूतीआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन असं घसरत नाही, त्यामुळे मेंढीचा हिशेब बाईला जसाच्या तसा लावू नका.