गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायची, पण कुणाची?

भावा, तुझी अडचण समजली. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ वडिलांचं कोल्हापुरी चपलांचं दुकान, सहा महिने झाले तू गल्ल्यावर बसतोस. कुणीतरी सांगितलं, गिऱ्हाइकाला गोष्ट सांग, माल खपतो. म्हणून तू शाहू महाराजांपासून सुरुवात करतोस आणि गिऱ्हाईक मोबाइल काढून ऑनलाइनचा भाव दाखवतं. मी या धंद्यात २२ वर्षं आहे. पहिली सात-आठ वर्षं मीही हेच करत होतो.

शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला हे खरंच. पण अंबाबाईचं दर्शन उरकून, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायला निघालेल्या माणसाला त्या वेळी इतिहास नको असतो. त्याच्या डोक्यात दोनच शंका असतात : ही चावेल का, आणि हा मला फसवतोय का. त्यांना न भिडणारी गोष्ट कितीही चांगली असली तरी जांभईच आणते.

म्हणून आधी त्यालाच विचार. कुणासाठी हवी? रोजची की लग्नाकार्यापुरती? मागच्या दिवाळीत पुण्याचे एक गृहस्थ आले, वडिलांसाठी हवी म्हणाले. वडील पूर्वी गावात करकर वाजणारी पायताणं घालायचे, लांबूनच कळायचं कोण येतंय ते, असं त्यांनीच सांगितलं. मी काही बोललो नाही. आतून जाड तळाचा एक जोड आणला आणि त्यांच्या कानाजवळ वाकवला. ते हसले. म्हणाले, "त्यांना आता ऐकू कमी येतं, पण पायाला कळेल." भाव त्यांनी नंतर विचारला, आणि घासाघीसही केली, ती काही सुटत नाही! पण गोष्ट त्यांची होती, मी फक्त आवाज पुरवला.

दुसरं, गोष्ट हातात दे. चप्पल उलटी करून त्यांच्याकडे द्यायची आणि म्हणायचं, "यात खिळा शोधून दाखवा." माणूस तळ बघतो, शिलाईवरून बोट फिरवतो, खिळा सापडत नाही. मग सांग की ही शिलाई चामड्याच्याच वादीची आहे, आणि चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलंय. तेवढ्यात तो वास घेऊनही बघतो. ऑनलाइनच्या स्वस्त जोडाला नावं ठेवायची गरजच उरत नाही. फक्त तुझ्या मालात खरोखर खिळा नसेल तरच हे म्हण, नाहीतर तोंडघशी पडशील.

पडतो कसा, ते मला ठाऊक आहे. पूर्वी मी प्रत्येक जोड "आमच्या शेजारच्या गल्लीत बनतो" असं ठोकून द्यायचो. एकदा एका वयस्कर पाहुण्यांनी जोड उलटा केला, शिलाई बघितली आणि शांतपणे म्हणाले, "ही आमच्या अथणीची." अथणी म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं गाव. सोबतची चार माणसंही त्यांच्यामागे बाहेर पडली. खोटं बोलायची तशी गरजच नव्हती. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आता मी सरळ सांगतो, ही अथणीकडची, ही कापशी. कापशी हे कागल तालुक्यातलं गाव आहे म्हटलं की लोक स्वतःहून पुढचं विचारतात.

प्राडा या महागड्या इटालियन फॅशन कंपनीचा किस्सा तूही सांगत असशीलच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधल्या त्यांच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि इकडे गदारोळ झाला. कॉलेजच्या पोरांना तो आवडतो, पण बेतानं वापर. मला एका मुलीनं विचारलं होतं, "काका, मग तुमची इतकी स्वस्त कशी? डुप्लिकेट आहे का?"

सगळ्यात जास्त माल मात्र माझ्या एका फजितीनं खपवलाय. एका ताईंनी जूनमध्ये जोड नेला, भर पावसात घातला आणि तळ फुगवून परत आणला. त्या चिडल्या होत्या, आणि बरोबरच होतं. पाण्यात घालू नका हे मी सांगितलंच नव्हतं. जोड बदलून दिला. तेव्हापासून पैसे घ्यायच्या आधीच ती हकिकत सांगतो. शिवाय पहिले आठ दिवस अंगठ्याला चावेल, रात्री तेलाचं बोट फिरवा, हेही सांगतो. तुला वाटेल दोष ऐकून गिऱ्हाईक पळेल. उलट ते विचारतं, तेल कुठलं लावू? दोष आधी सांगणारा फसवत नसणार, असं त्याला वाटत असावं.

आणि पाय एकदा चपलेत गेला की गप्प बसायचं. त्याला दोन पावलं चालू दे, आरशात बघू दे. हे मला अजून जमत नाही. मी बोलत सुटलो की बायको मागून खोकते.