लाझाक्स बुडाले, पण वहिनीची चाल कधी?

प्रश्न : ताई, आमचं गाव आर्वी तालुक्यात. चुलतभाऊ पुण्याले नोकरीवर आहे, त्यानं दिवाळीत ट्वायलाइट इम्पेरियम या अंतराळातल्या बोर्ड गेमची ती भली मोठी पेटी आणली, तेव्हापासून तो घरी आला की शनिवारी जेवणं झाल्यावर आम्ही सहा जण ओसरीत बसतो. पण तो अन् त्याचा दोस्त गेमच्या कथेवरूनच भांडतात, लाझाक्स लोकांचं साम्राज्य त्यांच्याच माजानं बुडालं का बाकीच्यांनी दगा दिला म्हणून, अन् वहिनी आपली प्लॅस्टिकचं जहाज हातात धरून आपल्या चालीची वाट पाहत बसलेली. मागच्या खेपेला तं ती सरळ उठून झोपाले गेली. कोनाले बोलावं?

उत्तर : दादा, भावाले गप्प करू नका, या गेममधे कथा काढून टाकली तर नियम पाठच होत नाहीत. आता हकान घ्या, सिंहाच्या तोंडाचे व्यापारी लोक, म्हणून त्यांना शेजारी नसलेल्याशीबी सौदा करता येतो. पटाच्या मधल्या मेकाटोल रेक्स ग्रहाची राखण विन्नू जमातीकडं होती, तिथं पहिल्यांदा उतरताना बाकीच्यांना 6 इन्फ्लुएन्स, म्हणजे वजनाचे पॉइंट, मोजावे लागतात, विन्नूंना काहीच नाही. हे भावानं मांडामांड चालू असतानाच सांगावं, ज्याची जी जमात त्याले तिची गोष्ट, दोन मिनिटात. वहिनीला नियमांचं पुस्तक चाळायची गरजच पडणार नाही.

अन् वादाची जागा गेमनंच दिली आहे की! मेकाटोल रेक्सवर कोणी पहिल्यांदा उतरलं अन् तिथलं कस्टोडियनचं, म्हणजे राखणदाराचं, टोकन निघालं की दर फेरीच्या शेवटी अजेंडा फेज येते, दोन ठराव निघतात, त्यावर बोलायचं, फोडाफोडी करायची, मग मतदान, म्हणजे ग्रामसभाच समजा. लाझाक्सचा जो काय हिशोब चुकता करायचा तो दोघांनी तिथं करावा, तोही आपापल्या जमातीच्या तोंडून अन् मतं आपल्याकडं वळवायले. त्याआधी कोणाची चाल चालू असताना तोंड उघडायचं नाही, हे मात्र तुम्ही घरचे म्हणून ठणकावून सांगा, दोस्तालाबी.

वहिनीला हा गेम मुळातच आवडत नसेल तर ओढून बसवू नका बाप्पा. एखाद्या शनिवारी कॅटन मांडा, 1995 साली जर्मनीच्या क्लाउस टॉयबरनं काढलेला, लाकूड-विटा-मेंढ्यांची देवघेव करत 10 पॉइंट गाठायचे, तास-दीड तासात उरकतो अन् भांडायले त्यात इतिहासच नाही. फक्त तो तीन-चार जणांचा आहे, सहा जणांसाठी वाढीव पेटी वेगळी घ्यावी लागते.

आणखी एक, ट्वायलाइट इम्पेरियमच्या पेटीवरच 4 ते 8 तास लिहिलंय, अन् तुम्ही तो रात्री जेवून मांडता, तेही वेचणीच्या दिवसात! वहिनी झोपाले गेली यात नवल काय. रविवारी सकाळी चहा झाला की बसा, अन् दुपारचा स्वयंपाक त्या दिवशी भावाकडं द्या.