जुनी ब्रिटिश मोटारसायकल विकताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : वडिलांनी जपलेली १९६१ची बीएसए कंपनीची ए१० मोटारसायकल विकायची आहे. रंग कारखान्यातलाच आहे, पण टाकीवर बारीक ओरखडे आहेत आणि सायलेन्सरचे क्रोम काही ठिकाणी उडाले आहे. विकण्याआधी रंग आणि क्रोम नवे करून घेतले तर किंमत जास्त येईल का?

उत्तर : नाही, आणि रंगाला हातही लावू नका. पैसे टाकले की नवा रंग कोणत्याही ए१०ला देता येतो. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात बसलेला रंग एकदा घासला की कायमचा गेला. मूळ स्थितीतली गाडी शोधणारे गिऱ्हाईक वेगळे असते. ते ओरखड्यांना घाबरत नाही, ताज्या रंगाला मात्र बिचकते, कारण त्या रंगाखाली पुट्टी आहे की जोडकाम हे त्याला कळत नाही. शिवाय रंग-क्रोमचा खर्च विक्रीत क्वचितच पूर्ण वसूल होतो.

सफाई जरूर करा, पण बेताने. इंजिनावरची तेलकट माती रॉकेल आणि मऊ ब्रशने सोडवा, मग साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. प्रेशरचा पाइप लावू नका. त्याने पाणी मॅग्नेटोत (प्लगसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रात), चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि स्पीडोमीटरमध्ये शिरते. टाकीवर रबिंग कंपाउंड नको, त्याने रेघा आणि ट्रान्सफर (चिकटवलेली छापील चिन्हे) निघून जातात. साधे मेण पुरे. क्रोमवरच्या गंजाच्या ठिपक्यांवर अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. सीटचे मूळ कव्हर थोडे उसवले असले तरी तसेच राहू द्या.

टायर, ट्यूब, ब्रेक शू, केबल आणि पेट्रोलची नळी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदलल्याने मूळपणा जात नाही. टायर नवा दिसत असला तरी त्याच्या बाजूवरचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारऐवजी तीनच अंक असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे, त्यावर कोणालाही बसवू नका. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी वाकडा लिव्हरसुद्धा, खोक्यात ठेवून गाडीबरोबर द्या.

प्रश्न : हीच गाडी बरीच वर्षे उभी आहे. चालू करून दाखवली तर भाव चांगला येईल असे सगळे म्हणतात. किक मारून बघू का?

उत्तर : चालू गाडीला भाव चांगला येतो हे खरे, पण थेट किक मारणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. क्रमाने जा.

दोन्ही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा. एक रात्र जाऊ द्या. मग गाडी स्टँडवर घेऊन सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचे चाक हाताने फिरवून इंजिन फिरते का ते पाहा. किकपेक्षा यात जोर कमी लागतो आणि अडकले असेल तर हाताला लगेच कळते. अडकले असेल तर तिथेच थांबा. जबरदस्तीने रिंगा तुटतात. ‘इंजिन जाम’ असे स्पष्ट लिहून विकलेली गाडी ही तोडफोड करून विकलेल्या गाडीपेक्षा बरी.

या गाड्यांत ऑइलची टाकी वेगळी असते. गाडी उभी असताना ऑइल पंपातून आणि झडपेतून पाझरत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या कवचात, उतरते. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ऑइल ओतले की खाली ऑइलचे तळे होते. मग किक जड जाते, धुराचा लोट उठतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल उडते. म्हणून आधी क्रँककेसच्या तळाची झाकणी काढून तिथले ऑइल गाळून घ्या, जाळी रॉकेलने धुवा, टाकी आतून साफ करा आणि मगच नवे भरा. काढलेले ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उजेडात पाहा. राखाडी गाळ चालेल. चमकणारे धातूचे कण दिसले तर इंजिन चालवू नका.

आता कार्बोरेटर. जुने पेट्रोल वाळून पायलट जेटच्या (इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या तोटीच्या) बारीक भोकात लाखेसारखे बसते. जेट काढून धुवा, तार घालू नका. पेट्रोलच्या टाकीत गंज असेल तर आतून लेप देण्याचा मोह टाळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने लेप सुटतात आणि लेप दिसला की जाणकार गिऱ्हाईक शंका घेते.

लुकास मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे ठिणगी तपासणे सोपे आहे. प्लग सिलिंडर हेडला टेकवून किक फिरवा. त्याआधी मॅग्नेटोच्या पॉइंटमधून (उघडझाप करणाऱ्या दोन संपर्कांमधून) कोरा कागद ओढून ते पुसून घ्या. पण गार इंजिनात ठिणगी मिळाली म्हणून मॅग्नेटो चांगला समजू नका. आतला कंडेन्सर कमजोर झाला की गाडी गार असताना झटकन चालू होते आणि गरम झाल्यावर अजिबात होत नाही. १५–२० मिनिटे चालवून बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करून पाहा. हे गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला माहीत हवे.

बॅटरी ६ व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे धन टोक चासीला जाते. आजच्या सवयीने उलटी जोडली तर बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर जळू शकतो.

इंजिन चालू झाले की ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून परतीचे ऑइल आत पडते आहे ना ते पाहा. थोड्या वेळात पडले नाही तर बंद करा. ए१०मध्ये क्रँकच्या टायमिंग बाजूला (कॅम फिरवणाऱ्या गिअरच्या बाजूला) साधे बुश, म्हणजे बेअरिंगऐवजी धातूची बाही, आहे. ते झिजले की ऑइल तिथूनच निसटते आणि बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकापर्यंत) कमी पोचते. क्रँकच्या आत गाळ साठवणारी नळी आहे, तीही कधी साफ झाली हे जाणकार विचारतोच. बिल असेल तर दाखवा. नसेल तर ‘उघडलेले नाही’ असे सांगा. बिग एंड बरा आहे अशी हमी ऐकीव माहितीवर देऊ नका.

प्रश्न : इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर वेगळा आहे. एक गिऱ्हाईक म्हणते की इंजिन बदललेले आहे, त्यामुळे किंमत निम्मी करा.

उत्तर : हे कंपनीवर आणि वर्षावर अवलंबून आहे. त्या काळच्या ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांत इंजिन आणि चासीचा नंबर एकच असे, तिथे फरक दिसला तर खरेच प्रश्न उभा राहतो. बीएसएने मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्हींना वेगवेगळ्या मालिकांतले नंबर दिले. तुमच्या १९६१च्या ए१०चे नंबर जुळत नसणे हेच बरोबर आहे. पाहायचे ते हे, की त्या चासीबरोबर कारखान्यातून तेच इंजिन बाहेर पडले होते का. बीएसए आणि ट्रायम्फच्या पाठवणीच्या नोंदवह्या ब्रिटनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात आहेत. तिथून शुल्क भरून नोंदीचा दाखला मागवा. त्या एका कागदाने हा वाद मिटतो.

नंबर वाचण्यासाठी वायर ब्रश किंवा सँडपेपर वापरू नका. घासलेली जागा दिसली की नंबर पुन्हा ठोकला असा संशय येतो आणि तो दूर करणे अवघड असते. रॉकेलच्या फडक्याने पुसा, टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि फोटो काढा. खोटेपणाची भीती निराधार नाही. १९६२–६३चे बीएसएचे रॉकेट गोल्ड स्टार हे महागडे मॉडेल साध्या ए१०पासून बनवून विकल्याची उदाहरणे भरपूर आहेत. तिथे चासीचा नंबर जीए१०ने सुरू व्हायला हवा, साध्या ए१०चा तेव्हा जीए७ने होई.

प्रश्न : किंमत कशी ठरवायची? लिलावात द्यावी की थेट विकावी?

उत्तर : जाहिरातीतल्या किमती बघून ठरवू नका, त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नव्हेत. लिलावांचे निकाल पाहा, पण नीट वाचून. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डला भरणाऱ्या क्लासिक मोटारसायकल प्रदर्शनाबरोबर मोठे लिलाव होत आले आहेत. अशा लिलावाच्या छापील निकालात बहुधा गिऱ्हाइकाने वर भरलेला प्रीमियम धरलेला असतो. हातोड्याची किंमत, म्हणजे बोली थांबते ती, त्याहून कमी असते आणि तुमच्या हातात येते ती विक्रेत्याचे कमिशन, फोटोचे शुल्क आणि वाहतूक वजा जाऊन आणखी कमी. तेच मॉडेल, जवळचे वर्ष आणि तशीच मूळ स्थिती असलेल्या चार-पाच गाड्यांचे निकाल घ्या. नव्याने रंगवलेल्या गाडीशी तुलना करू नका.

व्हिन्सेंट किंवा खरी गोल्ड स्टार अशी मागणी असलेली ब्रिटिश गाडी असेल तर लिलाव योग्य, कारण तिथे दोन जिद्दी गिऱ्हाइके समोरासमोर येतात. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायची नाही ती, लेखी ठरवा. ए१०सारखी गाडी त्या कंपनीच्या मालक-क्लबात थेट विकणे बरे. तिथल्या माणसाला ती कशी जपावी हे आधीच ठाऊक असते.

प्रश्न : जाहिरातीत काय लिहावे?

उत्तर : विशेषणे गाळा. हा नमुना बघा : ‘बीएसए ए१०, १९६१. रंग मूळ, टाकीच्या डाव्या बाजूला ओरखडे. डावा सायलेन्सर नवा, उजवा मूळ. क्रँक उघडलेला नाही. चालू होते, गिअर सगळे पडतात, दुसऱ्या गिअरमध्ये आवाज आहे. स्पीडोमीटर चालतो, अंतराच्या आकड्याची हमी नाही. कारखान्याच्या नोंदीचा दाखला आणि जुनी बिले सोबत.’ दोष तुम्हीच सांगितला की घासाघीस कमी होते.

फोटो ढगाळ दिवशी, चाकाच्या मध्याच्या उंचीवरून काढा. दोन्ही बाजू, इंजिन जवळून, मडगार्डची आतली बाजू, वायरिंग आणि सीटखालची जागाही दाखवा. मडगार्ड आतून कुजले असेल तर लपवू नका. पूर्ण नंबर आणि कागदपत्रे मात्र सगळ्यांपुढे टाकू नका. त्यांवरून दुसऱ्या गाडीचे खोटे कागद तयार होतात. ते प्रत्यक्ष येणाऱ्यालाच दाखवा.

प्रश्न : गिऱ्हाईक चालवून बघू म्हणाले तर?

उत्तर : ते येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणकार आल्या आल्या सिलिंडरला हात लावतो. चालवायला द्यायची तर विमा आणि परवाना तपासा आणि पूर्ण रक्कम आधी ताब्यात घ्या. या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस घाबरून ब्रेक दाबायला जातो आणि गिअर दाबतो. म्हणून आधी मोकळ्या जागेत एक-दोन फेऱ्या मारू द्या. क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतील तर सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-चार किका मारा, नाहीतर पहिला गिअर टाकताच गाडी झेप घेते.

पैसे आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री बँकेकडून स्वतः करून घ्या. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन फरक परत मागणारा फसवतोच. नोंदणी नव्या नावावर करण्याचे कागद त्याच बैठकीत भरा.

प्रश्न : गिऱ्हाईक दूरचे आहे, गाडी टेम्पोने जाणार. काय सांभाळू?

उत्तर : पेट्रोल काढा, कॉक बंद करा, बॅटरी सोडवा. गाडी साइड स्टँडवर किंवा मधल्या स्टँडवर बांधू नका, दोन्ही चाकांवर उभी करा. पट्टे पुढे खालच्या योकला (फोर्क धरणाऱ्या आडव्या पट्टीला) आणि मागे चासीला घ्या. हँडलला बांधलेले पट्टे हँडल फिरवतात आणि टाकीला लागले तर रंग सोलतात. जिथे पट्टा घासेल तिथे जाड कापड गुंडाळा. चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो वाहतूकदाराच्या माणसासमोर काढून पावतीवर त्याची सही घ्या. सुट्या भागांचे खोके गाडीला न बांधता वेगळे पाठवा, आणि त्यात काय काय आहे त्याची यादी गिऱ्हाइकाला आधीच द्या.